हनुमानाची खुर्ची, जत्रेतली नागकन्या आणि पडद्यावरचा खोटा बैल

बिंदुसरा

बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो.

जून २०२३. 'आदिपुरुष' लागला होता. प्रत्येक थेटरात एक खुर्ची हनुमानासाठी राखून ठेवायची, असं निर्मात्यांनी आधीच जाहीर केलेलं. आमचं तालुक्याचं टॉकीज म्हणजे पत्र्याचं छत, पंखे आहेत पण फिरतील तेवढे. तिथंही मालकानं मधल्या वाटेकडची एक खुर्ची पुसून घेतली, भगवं कापड टाकलं, झेंडूचा हार घातला आणि पुढ्यात एक केळं ठेवलं.

सिनेमा सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला हशा. लढाई आली की शिट्ट्या, पण त्या कौतुकाच्या नव्हेत. माझ्या मागचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "ह्येच्यापरीस मह्या पोराच्या मोबाईलातला गेम बरा." पडद्यावरचा हनुमान उडाला तरी लोक हसतच होते.

मध्यंतर झालं. तीच माणसं लघवीला, चहाला उठली आणि त्या खुर्चीपाशी आली की आपोआप वाकायला लागली. खुर्चीच्या दांडीला हात, मग छातीला हात. एकानं तर चप्पल काढली. शो भरलेला होता, उशिरा आलेली चार-पाच पोरं भिंतीला टेकून उभी राहिली, पण त्या खुर्चीवर कुणी टेकलं नाही. एका लेकरानं केळ्याला हात घातला तर त्याच्या आईनं असा फटका दिला की अर्ध्या थेटरला ऐकू आला.

आता मला सांगा, कोट्यवधी रुपये लावून केलेल्या हनुमानाला हसू आणि तीस रुपयांच्या हाराला नमस्कार, हे काय आहे? आपल्या भागातल्या पब्लिकला स्पेशल इफेक्ट कळत नाहीत म्हणून हसतात, का फार कळतात म्हणून?

हुरडा

केळं शेवटी कुणी खाल्लं?

एकवचनी

उगाच तत्त्वज्ञान करू नका. लोक संवादांना हसले. ते संवाद इतके वाईट होते की सिनेमा लागल्यावर काही बदलावे लागले. इफेक्टचा काय संबंध.

बिंदुसरा

एकवचनी, संवादांना हसलेच. पण मी सांगतोय तो हशा कुणी तोंडच उघडलं नव्हतं तेव्हाचा आहे.

कंधारी

मी थोडं वेगळं सांगतो. आमच्या घरी चार पिढ्या लाल कंधारी बैल आहेत. अलीकडं ऐतिहासिक सिनेमा असो की गावाकडचा, बैल आला की आमच्याकडं थेटरात चुळबुळ सुरू होते. खरी जनावरं वापरायची तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, कागदपत्रं लागतात, म्हणून बरेच जण कॉम्प्युटरवरच बैल करतात. त्याबद्दल तक्रार नाही, जनावराचा त्रास वाचतो. पण तो बैल आमच्या वडलांसमोर दोन पावलं चालला की संपला.

मागं एक सिनेमा बघताना वडील म्हणाले, "ह्येचं खूर फाकना झालंय." मला कळलंच नाही. घरी आल्यावर गोठ्यात नेऊन दाखवलं. बैलाचं वजन पायावर आलं की खुराच्या दोन्ही नख्या किंचित फाकतात आणि पाय उचलला की जवळ येतात. मागचा पाय जवळजवळ पुढच्या पायाच्या ठशावर पडतो. मान एका लयीत खालीवर होते. शेपूट तर घटकाभर गप्प राहत नाही, माश्या असतात ना. पडद्यावरच्या बैलाला माशीच नव्हती. इतका स्वच्छ बैल बघून वडील म्हणाले, "पोळ्याला धुतल्यावर बी इतका चकाकत नाही."

पण ह्याच माणसानं डायनासोर बघताना एक शब्द काढला नव्हता. डायनासोर कसा चालतो हे कंधारात कुणाला माहीत? जे रोज बघतो तिथं चूक लगेच सापडते. म्हणून मला वाटतं, शहरातला माणूस ज्या बैलाला टाळ्या देईल त्याला आमच्याकडं हसतील, आणि शहरातली मोटार खोटी उडाली तर आम्हाला कळणारसुद्धा नाही.

रोटोवाला

कंधारी दादा, तुमच्या वडलांना आमच्या ऑफिसात आणा, पगार देऊ. थट्टा नाही, जनावरांच्या शॉटला असा माणूस शेजारी बसलेला पाहिजे.

मी मूळचा उदगीरचा, आता पुण्यात व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमाचे कॉम्प्युटरवरचे इफेक्ट करायच्या धंद्यात, त्यातही सगळ्यात खालच्या पायरीवर. रोटो म्हणजे काय ते सांगतो, कारण 'कॉम्प्युटरनं केलं' म्हणताना लोकांना वाटतं बटण दाबलं. एका सेकंदाला २४ फ्रेम. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम. त्यात हिरोच्या मागचं आभाळ बदलायचं असेल तर त्याच्या अंगाची कड प्रत्येक फ्रेममध्ये नेमकी कापायची. हिरोईनचे केस वाऱ्यावर असतील तर आमची शिवरात्र. एवढं करून आम्ही जे चांगलं करतो ते तुम्हाला कधी दिसतच नाही. उडी मारताना कमरेला बांधलेली दोरी पुसलेली असते. किल्ल्यामागचा मोबाईलचा टॉवर काढलेला असतो. शंभर माणसांची हजार केलेली असतात. तुम्ही तिथं हसत नाही, टाळ्याही देत नाही, कारण कळतच नाही. मग सापडलेल्या एका खोट्या बैलावरून आमचा निकाल.

आणि वेळ. तारीख आधी जाहीर होते, शॉट नंतर ठरतात. शेवटच्या दोन आठवड्यांत "आभाळ जरा अजून लाल करा" येतं. जो शॉट बघून तुम्ही हसलात तो बहुतेक वेळा पहाटे चार वाजता 'असू दे आता' म्हणून पाठवलेला असतो.

हुरडा

"असू दे आता" हे तर आमच्याकडच्या रस्त्यांचं टेंडर झालं.

मिरचीबाजार

मी धर्माबादची. आमच्याकडं अर्धं पब्लिक तेलुगू सिनेमे बघूनच मोठं झालंय, स्टेशनवरून एक गाडी धरली की पलीकडं तेलंगण. त्यामुळे मोठमोठे महाल, उडते रथ हे आम्हाला 'बाहुबली'पासून नाही, फार आधीपासून माहीत.

माझ्या आजीनं लग्नाआधी 'मायाबझार' बघितला. १९५७ चा. त्यात एस. व्ही. रंगाराव घटोत्कच झालेत. तो लग्नाच्या जेवणावर बसतो आणि लाडू आपोआप उडून त्याच्या तोंडात जातात. कॅमेरा मार्कस बार्टलींचा. त्या काळात कॉम्प्युटर कुठला, सगळं कॅमेऱ्यात आणि लॅबमध्ये. आजीला कथा अर्धीच आठवते पण लाडू पक्के. आमच्या घरात डबा रिकामा झाला की आजही "घटोत्कच येऊन गेला" म्हणतात. आजीला विचारलं, खरं वाटलं होतं का? ती माझ्याकडं वेड्यासारखं बघायला लागली. "लाडू उडतेत का गं कुठं? पण तो खात कसा होता! पोट भरल्यासारखं वाटायचं."

तीच आजी 'बाहुबली'ला नेली, २०१५ ला. तो धबधबा बघून सगळं थेटर गप्प. ते दुष्काळाचं वर्ष, आठवतंय ना, पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मागून कुणीतरी ओरडलं, "एक टँकर हिकडं सोडा की!" सगळे हसले, पण ते सिनेमाला नाही हसले. आजी मात्र चिकाटीनं बघत राहिली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "पाणी लई हाय, पण गार लागत नाही."

रोटोवाला भाऊ, राग मानू नका. तिचं शेवटचं बोलणं मला अजून पूर्ण समजलेलं नाही, पण काहीतरी बरोबर आहे त्यात.

रोटोवाला

ताई, राग कसला. पाण्याचं सिम्युलेशन हा आमच्याकडचा सगळ्यात अवघड प्रकार. थेंबाचा आकार चुकला की अख्खा धबधबा खेळण्यातला वाटतो. आजीला ते 'गार' म्हणून कळलं, आम्ही त्याला 'स्केल' म्हणतो.

ग्रंथपाल

जुन्या काळचा विषय निघाला म्हणून थोडं. स्पेशल इफेक्टचा आपल्याकडचा मूळपुरुष दादासाहेब फाळके, आणि ते स्वतः जादूगार होते हे बरेच जण विसरतात. आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावानं ते प्रयोग करायचे. 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवतानाचा छोटा चित्रपट केला. रोज थोडं थोडं चित्रण करून दिवसांचं उगवणं मिनिटांत दाखवलं. मला तर तोच आपला पहिला इफेक्ट वाटतो, आणि शेतकऱ्याला कळेल असा. 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके यांनीच केले. तरी पडद्यावर राम आला की लोक पायातलं काढायचे असं सांगतात. दोन्ही भूमिकांत एकच पुरुष आहे हे त्यांना दिसत नव्हतं असं थोडंच आहे?

पुढं 'काळा धागा' या नावानं ओळखले गेलेले बाबूभाई मिस्त्री. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त काळ्या पडद्यापुढं काळ्या दोऱ्यानं त्यांनी वस्तू हवेत नाचवल्या. आणि आपल्या पैठणशी जोडलेलं म्हणजे प्रभातचा 'संत ज्ञानेश्वर', १९४०. रेड्यामुखी वेद आणि चालती भिंत. ती भिंत आजही बघा.

एकवचनी

आणि ती ल्युमिएरची आगगाडी बघून पॅरिसचे लोक पळाले होते. म्हणजे आपलंच पब्लिक भोळं असं नाही.

ग्रंथपाल

तीही दंतकथाच असावी असं आता अभ्यासक मानतात. लोक घाबरून पळाले याचा त्या वेळचा धड पुरावा मिळत नाही. प्रेक्षक खुळा होता असं सांगायला सगळ्यांना आवडतं, पॅरिसचा असो नाहीतर परळीचा.

मांजराकाठ

आगगाडीचं सोडा. लोक थेटरातून पळालेले मी स्वतः बघितलेत, आणि त्यात मी होतो.

आमचं गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते. जास्त लिहीत नाही, ज्यांच्या घरचं गेलं त्यांना माहीत आहे. आमचं घर पडलं, आम्ही वाचलो. नंतर वर्षभर पत्र्याच्या शेडात.

दुसऱ्या वर्षी 'जुरासिक पार्क' हिंदीत डब होऊन आला. मी बारा वर्षांचा. मामा म्हणाला, पोरांना जरा बाहेर काढू, आणि आम्हा पाच जणांना लातूरला घेऊन गेला. थेटर गच्च, निम्मे लोक आमच्यासारखे खेड्यांतून आलेले. शेंगदाणे, आरडाओरडा, मजा चाललेली.

मग तो प्रसंग आला. रात्र, पाऊस, गाडी बंद पडलेली. गाडीत समोर पाण्याचे ग्लास ठेवलेत. धप्प असा दबका आवाज येतो आणि पाण्यात गोल तरंग उठतो. पुन्हा धप्प. पुन्हा तरंग.

थेटर एकदम गप्प झालं. आवाज असा होता की खुर्चीत कळायचा. मागच्या रांगेतून एक बाई हळू आवाजात म्हणाली, "हालूलालंय." एवढंच. आणि अर्धं थेटर उभं. बायांनी लेकरं उचलली, मामानं माझं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ होता. दारावरच्या माणसानं काही न विचारता दोन्ही दारं सताड उघडली, तोही आमच्याच भागातला असणार. आम्ही पार पायऱ्यांपर्यंत आलो. तिथं उभं राहून सगळे जमिनीकडं बघत होते.

मग आतून डरकाळी ऐकू आली. कुणीतरी आत डोकावून ओरडलं, "जनावर हाय, जनावर!" आणि लोक हसत परत आत. खोटं वाटेल, पण तो भला मोठा डायनासोर पडद्यावर दिसल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिवात जीव आला होता सगळ्यांच्या. तो गाडी फोडत होता आणि आमच्या रांगेतली म्हातारी म्हणाली, "फोडू दे बापडा."

मला इफेक्ट म्हटलं की आजही तो डायनासोर आठवत नाही, ग्लास आठवतो.

बिंदुसरा

काय लिहावं कळेना. वाचून उठलो, पाणी पिऊन आलो.

रोटोवाला

मांजराकाठ दादा, तुम्हाला एक गोष्ट सांगावी की नाही असं झालंय. आमच्या धंद्यात ती सगळ्यांना माहीत असते. त्या अख्ख्या सिनेमात डायनासोर दिसतात जेमतेम पाव तास, आणि त्यातलेही कॉम्प्युटरचे थोडेच, बाकी यंत्राचे पुतळे. आणि तुमचा तो तरंग कॉम्प्युटरचा नाहीच. पाण्यात नेमके गोल तरंग उठवायला त्यांना काही केल्या जमेना. शेवटी गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार लावली आणि खालून छेडली.

मांजराकाठ

तार?

रात्री मामाला फोन करून सांगितलं. आता सत्तरीचा आहे. त्यानं दोनदा विचारलं, गिटारची म्हणजे वाजवायची तीच का. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "त्या रात्री कळशीतलं पाणी आधी नव्हतं हललं. एकदमच झालं."

ऑपरेटरचा पोरगा

इतक्या जड प्रतिसादानंतर लिहायला संकोच वाटतो, पण एक बाजू राहिली आहे. वडील परभणी जिल्ह्यात तंबू टॉकीजवर आणि नंतर पक्क्या टॉकीजात ऑपरेटर होते. ते म्हणायचे, सिनेमा पडद्यावर नसतो, दिव्यात असतो.

तंबूत मशीन ट्रकमध्येच बसवलेलं असायचं. दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्या टोकांमध्ये ठिणगीचा झोत. कांड्या जळत जातात तसं अंतर वाढतं, ते सारखं जुळवत राहायचं. ऑपरेटरची डुलकी लागली की पडदा पिवळा पडायचा आणि पब्लिक आईबहिणीवर यायचं. माळेगावच्या जत्रेत थंडीच्या दिवसांत धुकं, धूळ, विडीचा धूर, त्यातून तो झोत जायचा. पोरं उभी राहून झोतात हाताची हरणं करायची. वडील म्हणायचे, देवाचा चमत्कार आला की झोत एक घर जास्त तेज ठेवायचा. म्हणजे तेही स्पेशल इफेक्टवालेच.

आता बघा. सिनेमा येतो डिजिटल, पण दिव्याचा खर्च वाचवायला बरेच मालक तो कमी ताकदीवर चालवतात, आयुष्य संपलं तरी बदलत नाहीत. पडद्यावर उजेड १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं माप) असावा असं प्रमाण आहे. थ्रीडी असेल तर चष्म्यातून डोळ्यापर्यंत त्यातला निम्माही पोचत नाही. शिवाय ध्रुवित चष्म्याच्या थ्रीडीला चांदीचा मुलामा असलेला पडदा लागतो, साध्या पांढऱ्या पडद्यावर दोन्ही डोळ्यांची चित्रं एकात एक मिसळतात. बिंदुसरा, तुमच्या पत्र्याच्या टॉकीजात काय लागलं असेल देव जाणे. हल्लीचे इफेक्टवाले बहुतेक लढाया अंधारात ठेवतात, चुका झाकायला. तो अंधार आमच्या दिव्यावर नुसता राखाडी काला दिसतो. लोक हसले त्यात रोटोवाल्याचा दोष निम्माच धरा.

रोटोवाला

हे कुणीतरी बोललं एकदाचं. भाऊ, तुमच्या वडलांना दंडवत.

सीताफळ

पोरांनो, माळेगावचं नाव काढलंत म्हणून लिहितो. मी तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठा. जत्रेत सिनेमाच्या तंबूशेजारी दुसरा एक तंबू असायचा, 'नागकन्या' म्हणून. बाहेर फाळक्यावर चित्र, आत टेबलावर वेटोळं घातलेला भला मोठा नाग आणि त्याला मुंडकं पोरीचं. बोलायची पण. आमचे दादा, म्हणजे वडील, एकदा बघून आले, परत पैसे देऊन आत गेले आणि मला कानात सांगितलं, "टेबलाखाली आरसे हायेत, तिरपे. आपल्याला वाटतं मागची कनात दिसायलीय, पण ती बाजूची हाय." मग मला एकट्याला आत पाठवलं, तूच ओळख म्हणून.

सगळ्यांना माहीत होतं. दरवर्षी तीच माणसं पैसे देऊन जायची. आत गेल्यावर दोन प्रश्न ठरलेले, नाव काय आणि गाव कोणतं. पोरगी पाठ केलेलं सांगायची, पाताळलोक वगैरे. त्या वर्षी माझ्या पुढं धोतर-पटक्यातला एक म्हातारा होता. त्यानं नाव विचारलं नाही. थोडा वाकला आणि म्हणाला, "का गं बाई, जेवलीस का?"

पोरगी गडबडली. पाठ केलेल्यात हे नव्हतं. मग म्हणाली, "अजून न्हाई बाबा, आठ वाजता सोडतेत."

म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यातून रेवड्या काढल्या, टेबलाच्या कडेला ठेवल्या. नागाला हात नव्हते, त्यामुळे तशाच राहिल्या. बाहेर आल्यावर तो दुसऱ्याला सांगत होता, "नागकन्या लई झकास हाय, बघून ये."

कंधारी

काका, सलाम.

मिरचीबाजार

तशीच भीती मला 'झपाटलेला'ची वाटायची. १९९३ चाच तो. रामदास पाध्यांचा बाहुला, माणूस हलवतोय हे कळत होतं तरी आठवडाभर भावाला घेतल्याशिवाय न्हाणीत जात नव्हते. २०१३ ला त्याचा दुसरा भाग थ्रीडीत आला, तेव्हा माझा पोरगा चष्मा काढून पॉपकॉर्न शोधत बसला. आता ह्यात दिव्याचा दोष किती आणि पोराचा किती, ऑपरेटर भाऊंनी सांगावं.

एकवचनी

मी अजूनही म्हणतो संवाद वाईट होते. पण धागा चांगला झालाय.

हुरडा

सगळं झालं, रडवलंत, हसवलंत. माझा प्रश्न तसाच आहे. केळं?

बिंदुसरा

हुरडा, तुझ्यापायी काल मुद्दाम टॉकीजवर गेलो. तिथले दारावरचे चाचा मला लहानपणापासून ओळखतात. विचारलं, चाचा, वो केला कौन खाया? आधी इकडंतिकडं बघितलं, मग म्हणाले, "मैंच खाता था. आखरी शो छूटते-छूटते एक बजता, उस टाइम पे क्या मिलता बस्ती में?" आणि मग, "पहले हाथ जोड़ता था, हां."